शिवसागरकाठचे रानघर

कोयना नदी महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते आणि सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेकडे वळते. या वळणाच्या आधीच, कोयनानगरला, १९६० च्या दशकात १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि मागच्या लांबट खोऱ्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी साठवणारा शिवसागर जलाशय तयार झाला. तापोळा आणि बामणोलीच्या बाजूला सोळशी आणि कांदाटीची खोरी त्याला येऊन मिळतात. दोन्ही काठांवर दाट रान आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा आणि ऐन ही तिथली ओळखीची झाडे, आणि उतारांवर कारवी. पाणी आणि रान असे एकत्र आलेले ठिकाण महाराष्ट्रात दुर्मीळ आहे. म्हणूनच तिथे छोटेसे घर असावे असे अनेकांना वाटते. असे घर कसे बांधले तर पाणी आणि रान दोन्ही टिकतील, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

जागा घेण्याआधी कायदा पाहावा लागतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जलाशयाच्या पश्चिमेचे मोठे रान १९८५ पासून कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कोयना आहे. या हद्दींबाहेर, गावातल्या खासगी मालकीच्या जमिनींवरच बांधकामाचा विचार होऊ शकतो, आणि तोही परवानगीनंतर. काठच्या अनेक कुटुंबांच्या जमिनी एकदा धरणात गेल्या आहेत. उरलेल्या जमिनीवर कोण काय बांधतो याकडे गावाचे लक्ष असते आणि ते असायलाच हवे.

जागेची पाहणी बहुतेक लोक हिवाळ्यात करतात. पाणी निळे असते, हवा कोरडी असते आणि रस्ता चालू असतो. घर बांधणाऱ्याने मात्र ती किमान दोनदा पाहावी, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मेच्या अखेरीस. ऑगस्टमध्ये उतारावरून पाणी कुठून वाहते, झरे कुठे फुटतात आणि जमीन कुठे पायाखाली दबते ते दिसते. मेमध्ये जलाशय किती मागे जातो ते कळते. धरणाचा काठ नैसर्गिक तळ्यासारखा स्थिर नसतो. वीज आणि सिंचनासाठी पाणी सुटत राहते आणि उन्हाळ्यात पातळी पुष्कळ उतरते. उतार दहाला एक असेल तर पातळी एक मीटर उतरली की काठ दहा मीटर मागे सरकतो. ‘पाण्याला लागून’ म्हणून घेतलेली जागा मे महिन्यात उघड्या, भेगाळलेल्या मातीच्या पट्ट्यापलीकडे उरते. म्हणून पाण्याच्या अगदी जवळ जाण्याचा मोह या ठिकाणी निरर्थकच असतो.

किती मागे राहावे? पाणथळ जागांबाबत केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्चतम पूररेषेपासून पन्नास मीटरपर्यंत कायमचे बांधकाम करायला त्यांत मनाई आहे. सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना ते लागू होत नाहीत. तरीही पन्नास मीटरचे माप इथेही धरावे, आणि जमते तिथे ते दुप्पट करावे. या पट्ट्यातले एकही झाड किंवा झुडूप काढू नये. उंबर, जांभूळ, करंज आणि ओढ्याकाठी वाढणारे वाळुंज यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात, आणि पहिल्या पावसात वरून येणारा गाळ त्यांच्या पालापाचोळ्यात अडकतो. घरातून पाणी दिसावे म्हणून पूर्ण पट्टा मोकळा करण्याची पद्धत सर्रास आहे. पण एखाददुसरी खालची फांदी छाटली की दोन खोडांमधून पाणी दिसते, आणि तेवढे पुरते.

जागा ठरवताना दुसरा कस उताराचा. पुणे जिल्ह्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये कोयनेच्याच परिसरात, पाटण तालुक्यात, आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या. पश्चिम घाटात खाली काळा पाषाण आणि वर मऊ, मुरलेली माती असते. अतिवृष्टीत ही माती पाण्याने जड होते आणि खडकावरून घसरते. उतार कापून सपाट चौथरा काढला की वरच्या मातीचा पायाच कापला जातो. जेसीबीने दोन दिवसांत काढलेला असा कट पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात धोका वाढवतो. या खोऱ्यातल्या घरासाठी जमीन कापू नये. उताराच्या खालच्या बाजूला दगडी खांब उंच आणि वरच्या बाजूला बुटके ठेवून घर त्यांवर उभे करावे. वरून येणारे पाणी घराखालून आपल्या जुन्या वाटेने निघून जाते.

याच विचाराचे मोठे उदाहरण श्रीलंकेत आहे. वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी १९९० च्या दशकात दंबुल्लाजवळ कंडलम तलावाकाठी एक हॉटेल उभारले. ते डोंगराच्या कड्याला चिकटून लांबच लांब पसरले आहे. मोठा भाग खांबांवर उचललेला असल्यामुळे डोंगरावरचे पाणी त्याच्या खालून तलावात जाते. बाहेरून वेलींनी झाकलेली ही इमारत दुरून ओळखूही येत नाही. तिचा पसारा एखाद्या रानघराच्या शेकडो पट आहे, पण तलाव आणि डोंगर यांच्यामधून पाण्याला वाट ठेवण्याचे तत्त्व दोन खोल्यांच्या घरालाही तसेच्या तसे लागू पडते.

कोयनेत उताराबरोबर भूकंपाचाही विचार अटळ आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सहाच्या वर तीव्रतेचा धक्का बसला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांमध्ये जगभरात त्याचा अभ्यास होतो, आणि लहान धक्के आजही बसत असतात. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या नकाशात हा परिसर चौथ्या क्षेत्रात आहे. कशा प्रकारचे घर माणसे मारते हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने महाराष्ट्राला दाखवले. तिथल्या माळवदाच्या घरांना मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती होत्या आणि वर मातीचा जड थर होता. भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू जोडणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादऱ्यात भिंती फुगून उकलल्या आणि माळवद अंगावर आले.

यावरून या खोऱ्यातल्या घराची मूळ रचना ठरते: खाली दगड, वर हलके. जोते आणि खिडकीच्या खालपर्यंतची भिंत दगडाची असावी. ती चुन्यात किंवा थोड्या सिमेंटच्या मिश्रणात बांधावी. प्रत्येक थरात ठरावीक अंतरावर आरपार दगड घालावेत. जोत्याच्या पातळीवर आणि जिथे दगड संपतो तिथे घरभर फिरणारा पट्टा हवा, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा किंवा घट्ट सांधलेल्या लाकडाचा. त्यावर लाकडी किंवा बांबूचा सांगाडा उभा राहतो आणि त्याच्या मधल्या जागा कुडाने भरल्या जातात. कारवीच्या काठ्या विणून त्यांवर माती आणि शेण थापले की कुडाची भिंत होते. सह्याद्रीत आणि कोकणात शतकानुशतके अशी घरे बांधली गेली. ती हलकी असतात, धक्क्यात लवचिक राहतात आणि पडली तरी माणूस त्यांखाली चिरडत नाही. पावसाचे उडणारे पाणी दगडाच्या उंचीपर्यंतच पोहोचते, त्यामुळे कुड कोरडा राहतो.

कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी पडल्यावर झुडपे वाळतात. वाळलेल्या काठ्या कुडाला चालतात, मात्र वनहद्दीतून त्या तोडता येत नाहीत. खासगी रानातून किंवा परवानगीने मिळाल्या तरच घ्याव्यात, नाहीतर बांबूच्या चिवाट्या वापराव्यात. कोकणात बांधावर लावला जाणारा माणगा जवळजवळ भरीव असतो आणि खांबांना, वाशांना तो फार उपयोगी पडतो. खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला वन कायद्याची अडचण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राहिलेली नाही. तोडण्यासाठी किमान तीन वर्षांचा बांबू निवडावा आणि पावसाळा सरल्यावर तोडावा. तेव्हा त्यात साखर आणि स्टार्च कमी असते आणि भुंगा कमी लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो आठवडाभर बुडवून ठेवला की त्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते.

दगड कुठून आणायचा हाही प्रश्न आहे. महाबळेश्वराच्या माथ्यावर जांभा आहे. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात पाहिलेल्या अशा दगडाला १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले, कारण तो जमिनीतून विटेसारखा कापून काढता येतो आणि हवेत उघडा राहिल्यावर टणक होतो. कोकणात त्याला चिरा म्हणतात. चिरा सुंदर असतो, पण सच्छिद्रही असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या खडकाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. माथ्यावर तो खणला की खालच्या वाड्यांचे झरे आटू शकतात. म्हणून जुन्या पडक्या घराचा दगड मिळाला तर तो पहिल्यांदा वापरावा, नाहीतर परवानाधारक खाणीतला काळा दगड आणावा. सिमेंट शक्य तितके कमी वापरावे. एक टन सिमेंट तयार होताना साधारण सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि ते घाटातून वाहून आणण्याचा खर्चही असतोच.

आता पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खोऱ्यात उतरावे तसा तो थोडा कमी होतो, पण झड तशीच असते. सपाट गच्ची इथे गळणारच. छप्पर दुपाखी, किमान तीस अंशांच्या उताराचे हवे आणि वळचण भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आलेली हवी. मंगळुरी कौले या प्रदेशात सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहेत. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये त्यांचा पहिला कारखाना काढला होता. झडीच्या बाजूच्या शेवटच्या दोन-तीन ओळी रिपांना तारेने बांधाव्यात म्हणजे वारा कौले उचलत नाही. नैऋत्येकडून येणाऱ्या झडीसाठी जुनी घरे पावसाळ्यापुरत्या गवताच्या किंवा झावळ्यांच्या झडपा बांधत. आजही त्याहून स्वस्त उपाय नाही.

काठ कोणता, यावर घराचे तोंड ठरते. खोरे उत्तर-दक्षिण पसरलेले असल्यामुळे पश्चिम काठावरचे घर पूर्वेला पाण्याकडे पाहते. सकाळचे ऊन आत येते आणि झडीला डोंगराची पाठ मिळते. पूर्व काठावरच्या घराला दुपारनंतरचे ऊन, पाण्यावरून उसळणारी चकाकी आणि पावसाळी वाऱ्याचा थेट मारा, तिन्ही सोसावे लागतात. तिथे पाण्याकडच्या बाजूला खोल पडवी काढावी आणि मोठ्या काचा उत्तरेकडे ठेवाव्यात. हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तो थंडीत आत येतो, तर उन्हाळ्यात तोच वळचणीवर अडतो. समोरासमोरच्या खिडक्या आणि आढ्याजवळची फट दमटपणाला उतारा ठरतात. त्या नसतील तर जुलैमध्ये कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढते.

एवढ्या पावसात पाण्याची चिंता कसली, असे वाटेल. पण नोव्हेंबर ते मे हे सात महिने कोरडे असतात, आणि पंपाने जलाशयातून पाणी उचलणे परवानगीशिवाय होत नाही. हिशेब सोपा आहे. छपराचे क्षेत्र पन्नास चौरस मीटर आणि पाऊस चार हजार मिलिमीटर धरला, पंधरा टक्के पाणी वाया गेले असे मानले, तरी वर्षाला एक लाख सत्तर हजार लिटर पाणी पन्हाळीत येते. चार माणसांना माणशी पन्नास लिटरने सात महिन्यांना सुमारे बेचाळीस हजार लिटर लागतात. म्हणजे एक चतुर्थांश पाणी साठवले तरी पुरते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटरहून थोडी खोल अशी झाकलेली टाकी घराच्या वरच्या अंगाला बसवली की पंपाचीही गरज उरत नाही. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते टाकीत न घेता सोडून द्यावे. उरलेल्या तीन चतुर्थांश पाण्याला दगडी चरांतून हळू उतरवावे. उतारावर वाळ्याच्या रांगा लावल्या तर त्यांची खोल मुळे माती धरतात.

घरात येणाऱ्या पाण्यापेक्षा घरातून बाहेर जाणारे पाणी जास्त महत्त्वाचे आहे. तळ्याकाठचे घर तळ्याला हानी करते ती बहुधा याच वाटेने. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात १९६८ पासून काही लहान तळी संशोधनासाठी राखून ठेवली आहेत. तिथे १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्ये चिंचोळे असलेले २२६ क्रमांकाचे तळे पडदा टाकून दुभागले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात या दोन्हींबरोबर फॉस्फरसही घातला. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि दुसरा जवळजवळ निर्मळ राहिला. आकाशातून घेतलेले त्या तळ्याचे छायाचित्र तलावशास्त्रात प्रसिद्ध आहे. घरातला फॉस्फरस मुख्यतः मलमूत्रातून आणि काही साबणांमधून येतो.

सेप्टिक टाकी घन मळ अडवते, पण विरघळलेला फॉस्फरस आणि नायट्रोजन तिच्यातून पार होतात. पुढचे काम मातीला करावे लागते. सह्याद्रीची लाल माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली असल्यामुळे फॉस्फरस धरून ठेवण्यात ती फार चांगली असते. मात्र ती पुरेशी जाड आणि कोरडी हवी. मातीचा थर वीतभर आणि खाली भेगाळलेला खडक असेल तर सांडपाणी न गाळता सरळ जलाशयात जाते. म्हणूनच ऑगस्टमधली पाहणी मोलाची ठरते. शोषखड्ड्याच्या जागी मीटर-दीड मीटर खोल खड्डा खणून पाहावा. त्यात पाणी भरले तर तिथे शोषखड्डा पावसाळ्यात चालणार नाही. अशा जागी जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यावर शोषणवाफा करावा लागतो.

याहून सरळ मार्ग म्हणजे मैला पाण्यात मिसळूच न देणे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. दोन खड्ड्यांचा संडास आज गावोगाव माहीत आहे: एक खड्डा भरला की तो बंद करायचा, दुसरा वापरायचा, आणि पहिल्यातले खत वर्ष-दोन वर्षांनी झाडांना घालायचे. जलाशयाकाठी खड्डे जमिनीत न खणता दगडी कोठ्यांसारखे जमिनीवर बांधावेत आणि पाण्याऐवजी राख व भुसा वापरावा. मूत्र वेगळे काढून पातळ करून केळीला घातले तर आणखी उत्तम, कारण मलमूत्रातील निम्म्याहून अधिक फॉस्फरस मूत्रातच असतो. उरते मोरीचे पाणी. मराठी घरांनी ते नेहमीच परसातल्या अळूला आणि केळीला दिले आहे. खडी भरलेल्या उथळ वाफ्यात कर्दळ, अळू आणि केळ लावून त्यातून हे पाणी सावकाश फिरवावे. हा वाफा घराच्या वरच्या किंवा बाजूच्या अंगाला हवा, पाण्याकडच्या अंगाला कधीच नको.

विजेचे गणित इथे सोपे आहे. सहा एलईडी दिवे, तीन कमी विजेचे पंखे आणि छोटा फ्रिज मिळून दिवसाला दोन युनिटांच्या आसपास लागतात. एक किलोवॉटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात साधारण चार युनिट देते. पावसाळ्यात ते बरेच कमी देते, पण तेव्हा पंखा लागत नाही. पॅनेलसाठी झाडे तोडू नयेत, मोकळ्या जागी खांबावर ते उभे करावे. बाहेरचे दिवे मात्र जपून वापरायला हवेत. मेच्या अखेरीस वळीव पडू लागला की या रानात काजवे चमकतात. नर-मादी एकमेकांना शोधतात ते या उजेडावरूनच, आणि पडवीतला प्रखर पांढरा दिवा त्यात व्यत्यय आणतो. पिवळसर, मंद, खाली तोंड केलेला आणि गरजेपुरता लावलेला दिवा पुरेसा आहे.

बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून छप्पर मेच्या मध्यापर्यंत चढवावे. चुन्याचे काम मार्चपर्यंत उरकावे, कारण चुना हळूहळू पकडतो. खणलेली माती उघडी राहिली तर पहिल्याच वळिवात ती जलाशयात उतरते. म्हणून ती गवताने झाकावी आणि खालच्या अंगाला दगडाची ताल घालावी.

असे घर दरवर्षी माणसाचा हात मागते. मृगाआधी शाकारणी करून फुटकी कौले बदलायची, पन्हाळी साफ करायची, टाकी धुवायची, झडपा बांधायच्या आणि कुडाला माती-शेणाचा नवा हात द्यायचा. गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे हे काम कायमचे आणि रास्त मोबदल्यावर सोपवले तर घर पन्नास वर्षे उभे राहते. पावसाळाभर कुलूप लावून सोडून दिलेले कुडाचे घर तीन-चार वर्षांत वाळवी आणि बुरशीच्या ताब्यात जाते. मे महिन्यात शाकारणीला कोणी येणार नसेल, तर त्या काठावर घर न बांधणेच बरे.